प्रौढ वयात स्वमग्नतेची तपासणी : करावी की न करावी?

प्रतिनिधी

खामगाव : ‘एककल्ली’, ‘घुम्या’, ‘माणूसघाणा’, ‘तऱ्हेवाईक’... आपल्या भाषेत अशा शब्दांची वाण नाही. लग्नात बँड सुरू झाला की मांडवाबाहेर जाऊन उभा राहणारा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कपातच चहा घेणारा, रेल्वेच्या वेळापत्रकावर तासभर बोलेल, परंतु ‘काय, कसं काय चाललंय?’ या साध्या प्रश्नाने गोंधळून जाईल, असा माणूस बहुतेकांच्या पाहण्यात असतो. गाव त्याला एक नाव ठेवते आणि आपल्या कामाला लागते. त्या माणसाला मात्र तो शब्द जन्मभर वागवावा लागतो.

अलीकडे अशा काही माणसांच्या मनात तिशी, चाळिशी, प्रसंगी पन्नाशी उलटल्यावर एक वेगळाच प्रश्न उभा राहू लागला आहे. आपल्या मुलाला डॉक्टरांनी स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे निदान केल्यावर त्यात वर्णन केलेले बालपण आपलेच आहे, असे एखाद्या पित्याच्या ध्यानात येते. एखादी शिक्षिका मोबाइलवर या विषयाची चित्रफीत पाहते आणि रात्रभर झोपू शकत नाही. ‘मीही त्यातलाच का?’ या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : आता या वयात तपासणी करून घ्यावी काय? त्यातून मिळणार काय आणि गमावणार काय? विवाह, नोकरी, जमिनीची वाटणी, भावकीतील बोलणी अशा अनेक गोष्टी या निर्णयाला चिकटलेल्या असल्याने तो घाईने घेण्याचा नाही. तसाच भीतीपोटी टाळण्याचाही नाही. त्याची सर्व अंगे समजावून घेण्याचा हा प्रयत्न.

स्वमग्नता म्हणजे नेमके काय?

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीशी संबंधित, जन्मापासूनचा किंवा अगदी बालवयापासूनचा वेगळेपणा आहे. तो संसर्गाने होत नाही, आईवडिलांच्या संगोपनातील चुकीने होत नाही आणि तिसाव्या वर्षी नव्याने उद्भवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

निदानासाठी जगभर दोन ग्रंथांचा आधार घेतला जातो. एक, अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका, जिची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. दुसरे, जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण, ज्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दोन्हींचा गाभा एकच आहे. लक्षणांचे दोन गट मानले जातात. पहिला गट सामाजिक देवाणघेवाणीचा : संभाषणाची लय न सापडणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव व आवाजातील सूर न उमगणे, मैत्री जोडणे व टिकवणे अवघड जाणे. दुसरा गट पुनरावृत्तीचा व संवेदनांचा : त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास तीव्र अस्वस्थता, एखाद्याच विषयात कमालीचे रमणे आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांचा इतरांपेक्षा फार अधिक किंवा फार कमी त्रास होणे. अमेरिकन पुस्तिकेनुसार पहिल्या गटातील तिन्ही बाबतींत अडचण असावी लागते आणि दुसऱ्या गटातील चारपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्या लागतात. शिवाय या साऱ्यामुळे दैनंदिन जीवनात लक्षणीय अडथळा येत असला पाहिजे.

ही अखेरची अट महत्त्वाची आहे. अबोल असणे म्हणजे स्वमग्नता नव्हे. एकांत आवडणारी, शिस्तप्रिय किंवा छांदिष्ट माणसे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणत्याही निदानाची गरज नाही.

मग बालपणी कसे कळले नाही?

हा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे हमखास विचारतात. ‘इतका शिकला, नोकरीला लागला, याला काय झालंय?’ असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्याचे उत्तर आपल्या देशातील कायद्यांच्या इतिहासात सापडते.

आज पस्तिशीत असलेली व्यक्ती १९९० च्या आसपास जन्मलेली. ती शाळेत जाऊ लागली त्या सुमारास, १९९५ साली, अपंग व्यक्तींसाठीचा कायदा झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती. स्वमग्नता त्यात नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेचे नाव प्रथमच कायद्यात आणले. भारतीय परिस्थितीला अनुरूप अशी मोजपट्टी, ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ अर्थात ‘इसा’, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली, ती २००९ साली. २०११ च्या जनगणनेतही स्वमग्नतेसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेश करणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. तोवर हे मूल दहावी, बारावी, पदवी उरकून नोकरीला लागलेले होते. बोलता येत होते, गुण चांगले पडत होते. मग त्याच्याकडे या दृष्टीने पाहणार कोण?

दुसरे कारण त्या व्यक्तीच्या स्वतःच्या धडपडीत असते. इतर कसे हसतात, किती वेळ डोळ्यांत डोळे घालून पाहतात, शोकप्रसंगी काय बोलतात, हे अनेक जण निरीक्षणाने पाठ करतात. बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत दिसते. कार्यालयातून घरी आल्यावर हीच व्यक्ती दोन तास अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहते, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक. दोन्ही आंतरराष्ट्रीय ग्रंथांनी या गोष्टीची दखल घेतली आहे. लक्षणे बालपणापासूनची असली, तरी सामाजिक अपेक्षांचा भार पेलेनासा होईपर्यंत ती स्पष्ट दिसत नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात, असे त्यांत नमूद आहे. बढती मिळून हाताखाली माणसे येणे, विवाहानंतर एकत्र कुटुंबात राहायला जाणे, अपत्यजन्म, आईवडिलांचे निधन, अशा वळणांवर हे झाकण उडते.

स्त्रियांच्या बाबतीत ते आणखी घट्ट असते. मुलीने गप्प राहणे, मान खाली घालून काम करणे याला आपल्याकडे वळण म्हणतात. त्यामुळे तिची अडचण कोणाला दिसत नाही. दिसलीच तर ‘शिष्ट’ असा शिक्का बसतो. स्त्रियांचे निदान कमी व उशिरा होते, असे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे.

तेहेतीस पानांचे पत्र

प्रौढांच्या तपासणीत बालपणाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी या विषयाच्या आरंभाकडे जावे लागते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील डोनाल्ड ट्रिप्लेट या मुलाच्या वडिलांनी १९३८ साली बाल्टिमोरचे बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांना तेहेतीस पानांचे पत्र लिहिले. मुलगा काय बोलतो, कशात रमतो, कशाने बिथरतो, याचे बारकावे त्यात होते. त्यावरून आणि पुढील निरीक्षणांवरून कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील पहिले मूल डोनाल्ड. व्हिएन्नाचे हान्स अ‍ॅस्परगर यांचा अशाच स्वरूपाचा निबंध त्यानंतरच्या वर्षी आला.

डोनाल्ड यांचे पुढे काय झाले? ते पदवीधर झाले, गावातल्याच बँकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, गोल्फ खेळले, जगभर हिंडले आणि जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. बँकेत त्यांच्या कुटुंबाचा वाटा होता आणि गावाने त्यांच्या तऱ्हा सांभाळून घेतल्या, हे त्यांचे भाग्य. प्रत्येकाच्या वाट्याला ते येत नाही. परंतु या कथेतील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. निदान उभे राहिले ते घरच्यांनी जपलेल्या तपशिलावर. आणि आयुष्य उभे राहिले ते आजूबाजूच्या माणसांनी करून दिलेल्या जागेवर.

तपासणी कशी होते?

रक्ताची चाचणी, मेंदूचे छायाचित्र किंवा आलेख यांवरून स्वमग्नतेचे निदान होत नाही. ते होते सविस्तर मुलाखत, निरीक्षण आणि बालपणाचा पूर्वेतिहास यांवरून. हे काम मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञ करतात. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असणे आवश्यक असते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. सामान्यतः एकाहून अधिक भेटी लागतात. शक्य असेल तर आई, वडील, मोठी बहीण किंवा लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाची तरी मुलाखत घेतली जाते.

आजकाल अनेक जण इंटरनेटवरील प्रश्नावली भरून स्वतःच निष्कर्ष काढतात. त्यांतील सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात पन्नास प्रश्न आहेत आणि ३२ किंवा त्याहून अधिक गुण ही खूण मानली गेली. मूळ अभ्यासात सुमारे ८० टक्के स्वमग्न प्रौढांना इतके गुण पडले. इतर लोकांपैकी केवळ दोन टक्क्यांना. ऐकायला हे फार खात्रीचे वाटते. परंतु हिशेब करून पाहावा. दहा हजार लोकांत, १२७ मागे एक या प्रमाणाने, सुमारे ७९ जण स्वमग्न असतील. त्यांपैकी ६३ जणांना ३२ हून अधिक गुण पडतील. उरलेल्या ९,९२१ लोकांपैकी दोन टक्के म्हणजे १९८ जणांनाही तितके गुण पडतील. म्हणजे ‘वरच्या’ २६१ जणांत प्रत्यक्ष स्वमग्न व्यक्ती चौघांत एक भरते. उलटपक्षी, ७९ पैकी सोळा जण या चाळणीतून निसटतात. ज्यांना आधीच सबळ कारणाने शंका आहे त्यांच्याबाबत हे प्रमाण बदलते, हे खरे. तरीही प्रश्नावली ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. तज्ज्ञाकडे जावे की नाही हे ठरवण्यापुरताच तिचा उपयोग.

शिवाय स्वमग्नतेसारखी दिसणारी इतर कारणे पुष्कळ आहेत. चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती, मंत्रचळ, लक्ष एकाग्र न होण्याचा अवधानदोष, बालपणी सोसलेले आघात, दीर्घकाळचे नैराश्य, इतकेच काय तर कमी ऐकू येणे, यांतूनही माणूस लोकांपासून तुटतो. अनेकदा यांपैकी एखादी गोष्ट स्वमग्नतेच्या जोडीनेही असते. म्हणून अनुभवी तज्ज्ञ ‘आहे की नाही’ एवढेच सांगून थांबत नाही. ‘नसेल तर मग काय आहे’ हेही शोधतो. तपासणीचा हा लाभ अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. पूर्वी माणसांत मिसळणारी व्यक्ती अलीकडे एकलकोंडी, चिडचिडी किंवा विसरभोळी झाली असेल, तर तो स्वमग्नतेचा प्रश्न नाही. तेथे नैराश्य, थायरॉइडचे विकार, व्यसन किंवा मेंदूचा एखादा आजार यांची तपासणी आधी आणि विनाविलंब करावी.

खामगावातून जायचे कोठे?

आपल्या भागातील खरी अडचण येथे सुरू होते. मुलांसाठी राज्यात बरेच काम उभे राहिले आहे. मुंबईतील ‘उम्मीद’, पुण्यातील ‘प्रसन्न’, छत्रपती संभाजीनगरातील ‘आरंभ’ ही त्यांतील काही नावे. परंतु त्यांचा मुख्य भर बालकांवर आहे. अस्खलित बोलणाऱ्या, कमावत्या प्रौढांच्या तपासणीचा अनुभव असलेले तज्ज्ञ मोठ्या शहरांतही मोजके आहेत.

खामगावकरांसाठी बुलडाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे सुमारे ५० किलोमीटरवर आहेत. पहिली भेट येथील मानसोपचार विभागात घेणे श्रेयस्कर. कारण नैराश्य, चिंता, निद्रानाश यांसारख्या बरोबरच्या तक्रारींवर तेथे लगेच उपचार सुरू होऊ शकतात. पुढील सविस्तर तपासणीसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागण्याची शक्यता गृहीत धरावी. २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम आल्यापासून काही भेटी मोबाइलवरून, दृश्य माध्यमातून घेणेही शक्य झाले आहे. एसटीचे तिकीट काढण्यापूर्वी दूरध्वनीवरून तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रौढांमधील स्वमग्नतेच्या निदानाचा अनुभव आहे काय, एकूण किती भेटी लागतील आणि एकूण खर्च किती येईल? ‘लग्न झालंय, नोकरी आहे, म्हणजे ऑटिझम असूच शकत नाही’ असे कोणी दोन मिनिटांत सांगितले किंवा प्रश्नावलीवर नजर टाकून तत्काळ शिक्कामोर्तब केले, तर दोन्ही वेळा दुसरे मत घ्यावे.

निदान वेगळे, प्रमाणपत्र वेगळे

या विषयात सर्वाधिक गल्लत होते ती येथे. निदान ही डॉक्टर आणि व्यक्ती यांच्यामधील गोष्ट आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही शासनदरबारची गोष्ट. पहिले घेतले म्हणून दुसरे घ्यावेच लागते असे नाही, आणि पहिले मिळाले म्हणून दुसरे मिळेलच असेही नाही.

प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि शासकीय रुग्णालयात तज्ज्ञांकडून तपासणी होते. त्यासाठी वर उल्लेखिलेली ‘इसा’ ही मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात चाळीस मुद्दे असून ४० ते २०० गुण दिले जातात; ७० पेक्षा कमी गुण पडल्यास स्वमग्नता धरली जात नाही. ही मोजपट्टी मुख्यत्वे मुलांना नजरेसमोर ठेवून घडवलेली आहे. त्यामुळे बोलणारा, पदवीधर, नोकरी करणारा प्रौढ तिच्यात बसत नाही, असे घडू शकते. तज्ज्ञाने निदान केले आणि मंडळाने नाकारले, तर त्याचा अर्थ निदान खोटे होते असा होत नाही. दोन्हींची मापे निराळी आहेत.

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास उच्च शिक्षणातील पाच टक्के जागा आणि सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण यांचा मार्ग खुला होतो. मात्र या चारपैकी एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या साऱ्यांत मिळून आहे, हे ठाऊक असावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही उपलब्ध आहे.

ज्यांचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी भरते त्यांच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल मोलाचा आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. सुयोग्य सोयी मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीवर अवलंबून नाही, असे न्यायालयाने त्या प्रकरणी स्पष्ट केले. आरक्षणासाठी टक्केवारी लागते. शांत जागी टेबल मिळावे, सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात, अशा मागणीसाठी टक्केवारीचा अडसर नसावा, हा त्यातील आशय आहे.

भीती कोणती खरी, कोणती खोटी?

‘कागदावर आले की शेतीतला वाटा जाईल’, ‘सही चालणार नाही’, अशी भीती ग्रामीण भागात बोलून दाखवली जाते. ती निराधार आहे. २०१६ च्या कायद्यातील कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तींना इतरांप्रमाणेच मालमत्ता धारण करण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा अधिकार आहे. निदानाने कोणाचा पालक आपोआप नेमला जात नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्यासाठी स्वतंत्र अर्ज, स्थानिक समितीकडून चौकशी आणि तशी गरज असल्याचे सिद्ध होणे आवश्यक असते.

काही भीती मात्र खऱ्या आहेत. विम्याच्या अर्जात विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावी लागतात. खासगी नोकरीत वरिष्ठाला सांगितल्यावर तो समजून घेईलच याची शाश्वती नाही. विवाहाच्या बोलण्यांत आपला समाज अजूनही पाठमोरा होतो. डॉक्टरांवर गोपनीयतेचे बंधन असते. निदान कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. मात्र ज्या व्यक्तीसोबत संसार थाटायचा, तिच्यापासून आपल्या अडचणी लपवून ठेवणे दोघांच्याही हिताचे ठरत नाही. मोठे आवाज, अचानक येणारे पाहुणे, एकांताची गरज याविषयी निदानाचे नाव न घेताही विवाहापूर्वी मोकळेपणाने बोलता येते.

आणखी एक अपेक्षा वेळीच बाजूला ठेवावी. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. ‘मुळापासून बरे करतो’ असे सांगणाऱ्यांच्या जाहिरातींपासून दूर राहावे. चिंता, नैराश्य, निद्रानाश यांवर उपचार आहेत आणि ते परिणामकारक असतात. प्रौढ वयातील निदानाचा मुख्य उपयोग स्वतःला समजून घेऊन दिनक्रम, काम आणि नाती यांची नव्याने मांडणी करणे हाच होय.

निर्णय कसा घ्यावा?

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने प्रौढांसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक व्यवहार्य कसोटी आहे. सामाजिक व्यवहारातील किंवा ठरावीकपणाच्या दीर्घकालीन अडचणी असतील आणि त्यांच्या जोडीला नोकरी-शिक्षण टिकवण्यात, नाती जोडण्यात अडथळे येत असतील किंवा पूर्वी मानसिक आरोग्यासाठी उपचार घ्यावे लागले असतील, तर तपासणीचा विचार करावा. आपल्या परिस्थितीत त्यावरून पुढील दिशा सुचवता येईल.

तपासणी करून घ्यावी : नोकऱ्या वारंवार सुटत असतील व कारण उमगत नसेल, वर्षानुवर्षे नैराश्याच्या गोळ्या घेऊनही मूळ प्रश्न तसाच असेल, पतिपत्नींत एकच गैरसमज पुनःपुन्हा विकोपाला जात असेल, परीक्षेत किंवा कामाच्या ठिकाणी निश्चित अशी सवलत हवी असेल, किंवा ‘मी असा का?’ या प्रश्नाने मन सतत पोखरत असेल. हे शेवटचे कारणही पुरेसे आहे. आळशी, अहंकारी, भावनाशून्य असे आरोप ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला खरे कारण कळणे हा चैनीचा विषय नव्हे.

सध्या थांबावे : आयुष्य एकंदर सुरळीत असेल आणि केवळ कुतूहल असेल, घरात मृत्यू, घटस्फोट, कर्ज असे संकट चालू असेल, तपासणीसाठी उसने पैसे काढावे लागणार असतील, किंवा निष्कर्ष आपल्याविरुद्ध वापरला जाईल असे घरातील वातावरण असेल. थांबणे म्हणजे नाकारणे नव्हे. वर्षभराने पुन्हा विचार करता येतो.

आधी दुसरे पाहावे : झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर स्वमग्नतेचा प्रश्न बाजूला ठेवून तत्काळ मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे व तेथे मराठीतून बोलता येते. ही सेवा निदानासाठी नाही, संकटात आधार मिळावा यासाठी आहे.

निर्णय डळमळीत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘उत्तर हो आले तर मी उद्यापासून काय वेगळे करीन, आणि नाही आले तर काय?’ दोन्हींची उत्तरे कागदावर लिहिता आली, तर तपासणीचा उपयोग होईल. दोन्ही रकाने कोरे राहिले, तर आणखी थोडा विचार करायला हरकत नाही.

पूर्वतयारी आजपासून

तपासणी करायची की नाही हे ठरले नसले, तरी एक काम मात्र पुढे ढकलू नये. बालपणाचा पुरावा काळाबरोबर नाहीसा होतो. आपण केव्हा बोलू लागलो, कोणते खेळ एकट्याने खेळत होतो, कोणत्या कपड्यांना, कोणत्या भाजीला हात लावत नव्हतो, पाहुणे आले की कोठे लपत होतो, हे सांगू शकणारी आई आज सत्तरीच्या घरात असते. आजी, आत्या, मोठी बहीण, पहिलीचे गुरुजी यांच्या आठवणी ऐकून वहीत उतरवाव्यात. ‘तुला काही झालंय का?’ अशा प्रतिप्रश्नाने बोलणे थांबू नये म्हणून निदानाचा विषय न काढता ‘मी लहानपणी कसा होतो?’ एवढेच विचारावे. प्रगतिपुस्तकावरील वर्गशिक्षकांचे शेरे, जुनी छायाचित्रे, दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवावेत. त्यासोबत सध्याच्या अडचणींची प्रत्यक्ष उदाहरणे लिहावीत. ‘मला गर्दी आवडत नाही’ यापेक्षा ‘बाजाराच्या दिवशी अर्धा तास फिरल्यावर डोके दुखते आणि संध्याकाळपर्यंत बोलवत नाही’ हे वाक्य तज्ज्ञाच्या अधिक कामाचे. फॉरेस्ट गावच्या त्या पित्याने हेच केले होते.

घरच्यांसाठीही दोन शब्द. ‘हे सगळं मनाचं आहे’ किंवा ‘आम्ही नाही का असंच काढलं’ ही वाक्ये टाळावीत. पाहुणे येणार असल्याचे आदल्या दिवशी सांगणे, जेवताना दूरचित्रवाणीचा आवाज कमी करणे, मंडपातून लवकर निघाल्याबद्दल चारचौघांत टोमणा न मारणे, एखादे काम आडवळणाने न सुचवता स्पष्ट शब्दांत सांगणे, यांसाठी कोणत्याही मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. तपासणीचा निष्कर्ष काहीही आला किंवा ती कधीच झाली नाही, तरी या सवलती आजच्या आज सुरू करता येतात.